सोळावा टॅपेट

“मिस्त्री, आवाज कमी करा गाडीचा! अक्काच्या छातीत धडधड व्हायला लागलीय!”

प्रेमराजशेठ खिडकीतून आत वाकून ओरडले. ओरडल्याशिवाय त्या मिरवणुकीत कुणाचं कुणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. पुढे डीजेचा ट्रक, त्याच्यामागे नाचणारी पोरं, त्यांच्यामागे नाचायला लाजणाऱ्या आणि तरीही नाचणाऱ्या बायका, आणि सगळ्यांच्या मागे फुलांनी मढवलेली ती लांबलचक काळी गाडी. आत नवरदेव, शेठचा मुलगा नवल, त्याच्या शेजारी कमलअक्का, म्हणजे शेठच्या थोरल्या बहीण, दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेल्या. जळगावचा मे महिना, दुपारचे साडेचार. आणि स्टिअरिंगवर लोटन मिस्त्री.

मिस्त्रींच्या डोक्याला गुलाबी फेटा होता. साठ वर्षांच्या आयुष्यातला दुसरा. पहिला स्वतःच्या लग्नातला, तोही शेजाऱ्याचा मागून आणलेला. हा मात्र शेठनी स्वतःच्या हातानं बांधला होता, चार पाहुण्यांसमोर. “नाना, आज गाडी तुम्हीच चालवायची. ही गाडी फक्त तुमचं ऐकते.” मिस्त्रींना तेव्हा काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण सकाळपासून तीनदा ते आरशासमोरून उगाच जाऊन आले होते.

“शेठ, रेस कमी करता येत नाही,” मिस्त्री ओरडून म्हणाले. “हे इंजिन स्लोवर ठेवायचं नसतं. मी आधीच सांगितलं होतं ना!”

“अहो, आज लग्न आहे, शर्यत नाही!”

“मग बंद करतो. पोरांचं नाचून होऊ द्या, तोवर बंद ठेवतो. नाहीतर ढकलत नेऊ.”

शेठचा चेहराच बदलला. “नवरदेव बसलेली गाडी बंद करता? शुभ बोला जरा!”

त्या घराण्याची रीतच तशी होती. नवरदेव मारुतीच्या पाया पडून वाहनात बसला की मांडवाच्या दारापर्यंत वाहन गप्प होऊ द्यायचं नाही. बैलगाडी होती तेव्हा बैलांना जागच्या जागी पाय हलवायला लावत, घुंगरू वाजत राहायला हवेत म्हणून. पुढे जीप आली तेव्हा जीप चालू ठेवत. बैलाचं ठीक आहे हो. जीपचंही ठीक. पण या गाडीच्या पोटात जे इंजिन बसवलं होतं ते ना बैल होतं ना जीप.

ते काय होतं, हे सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं फुकट.

गाडी शेठच्या वडिलांची. आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी, वडील गेल्यावर डाळमिलच्या गोदामात पोत्यांमागे पडून होती. सात वर्षांपूर्वी शेठच्या अमेरिकेतल्या चुलतभावानं तिच्यासाठी एक इंजिन पाठवलं, लाकडी खोक्यात, सुटं. शर्यतीचं इंजिन. तिकडे लोक असलं इंजिन रस्त्यावरच्या गाडीत घालून मिरवतात म्हणे. शेठना हौस. पुण्याच्या दोघा कारागिरांनी खोकं उघडलं, बघितलं, आणि परत बंद केलं. तेव्हा कुणीतरी धुळ्याच्या लोटन मिस्त्रींचं नाव सांगितलं. आग्रा रोडला ट्रकच्या हेडची, म्हणजे इंजिनाच्या माथ्याची, कामं करणारा माणूस. कानानं नाही, बोटानं इंजिन ऐकतो म्हणायचे लोक.

साध्या गाडीत व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेट तेलावर फुगतात, आपली फट आपणच सांभाळतात. मालकाला त्यांचं नावही माहीत नसतं. या इंजिनाचे टॅपेट भरीव लोखंडाचे. सोळा. प्रत्येकाच्या पायाला एक छोटं चाक, म्हणजे रोलर, ते व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, कॅमशाफ्टवर, धावतं. आणि त्या चाकाच्या पोटात शिवणाच्या सुईपेक्षा आखूड, बिनटोकाच्या पोलादी सुयांचं बेरिंग. वरून स्प्रिंगचा दाब असा, की माणसाचं बोट सापडलं तर तुटून पडेल. या सोळा टॅपेटची फट दर महिन्याला मापाची पातळ पोलादी पत्ती घालून हातानं लावायची, इंजिन गार असताना. आणि सुयांना तेल मिळतं ते खालचा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, जोरात फिरून उडवतो तेवढंच. क्रँक हळू फिरला की तेल उडत नाही. दाब मात्र तेवढाच.

मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांचा दोस्त नूर महंमद लेथवाला, त्याची मुलगी मिसबाह इंजिनिअरिंगला होती. तिनं इंजिनासोबत आलेल्या पुस्तकातलं एकेक पान वाचून दाखवलं आणि मिस्त्रींनी वहीत मराठीत उतरवून घेतलं. वहीच्या पहिल्याच पानावर, दोनदा खालून रेघ मारून: ‘स्लोवर ठेवू नये. ठेवल्यास सुया मरतात.’

आठ महिने लागले. ज्या दिवशी ते सुरू झालं त्या दिवशी मिलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि शेठ लहान पोरासारखे नाचले. त्यांनीच हौसेनं पितळी पट्टी करून घ्यायला सांगितली. नूर महंमदनं ती कोरली: ‘जोडणी – लोटन मिस्त्री, धुळे.’ इंजिनाच्या माथ्यावर दोन स्क्रूंनी बसवली. चाळीस वर्षं मिस्त्रींनी लोकांचे ट्रक, ट्रॅक्टर, पाण्याचे पंप दुरुस्त केले, पण कशावर कधी नाव नव्हतं. दुरुस्त झालेलं मशीन मालकाचं आणि बिघडलेलं मिस्त्रीचं, हा या धंद्याचा कायदाच आहे.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पहाटेची एसटी धरून पारोळा, एरंडोल करत ते जळगावला यायचे. ऊन इंजिनापर्यंत पोचायच्या आत सोळा फटी लावायच्या, चहा प्यायचा, परत. सहा वर्षांत एक सोमवार चुकला नाही. धाकट्या भावाच्या दहाव्याला उशीर झाला तो याचमुळे, आणि सुगंधाबाईंनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोनं, त्यावरून आठ दिवस अबोला धरला होता.

तर, मिरवणूक.

“शेठ, मी पाय काढला तर...” मिस्त्री बोलायला लागले.

शेठ आणखी आत वाकले. त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज एकदम मऊ केला. “नाना. माझ्यासाठी. आजचा एक दिवस.”

शेठ कामाला मिस्त्री म्हणायचे आणि मर्जीत असले की नाना. मिस्त्रींना हे कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. पण डोक्यावर फेटा होता, मागे अक्का डोळे मिटून राम राम करत होत्या, फोटोवाला काचेसमोर उभा होता. अशा वेळी गाडीतून उतरून ‘मला जमणार नाही’ म्हणायला जो माणूस लागतो तो लोटन मिस्त्री चाळीस वर्षांत कधी झालेच नव्हते. त्यांनी रेसवरचा पाय काढला.

गाडी एकदम शहाणी झाली. घुम घुम करत बसली. शेठनी अंगठा दाखवला आणि ते पुढे नाचायला गेले.

दोन किलोमीटरला अडीच तास लागले. प्रत्येक चौकात गाणं बदलायचं, प्रत्येक गाण्याला गाडी उभी. चौथ्या चौकात मिस्त्रींना ते जाणवलं. डीजेत ऐकू येणं शक्य नव्हतं, पण गिअरच्या दांड्यावर तळहात होता. दांड्यातून काहीतरी हलकं टोचत होतं. टिक. मग काही नाही. मग टिक. समोर बायका नवरदेवाला ओवाळत होत्या आणि एकीनं कौतुकानं मिस्त्रींनाही कुंकू लावलं. ते तसेच बसून राहिले. कुंकू घामानं नाकावर ओघळलं तेही पुसलं नाही.

मांडवाच्या दारात गाडी बंद केल्यावर त्यांनी नवलला बाजूला घेतलं. “नवलभाऊ, गाडीला आता हात लावू नका. उद्या सकाळी मी उघडून बघतो, मगच सुरू करायची.”

“हो हो, नाना,” नवल म्हणाला. त्याच्याभोवती दहाजण फोटोला उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मिस्त्री मिलच्या आवारात पोचले, तर गाडी जागेवर नाही. नवल नव्या नवरीला घेऊन कुलदैवताला गेला होता. तिला गाडीची ऐट दाखवायची होती ना! साडेनऊला फोन आला. एरंडोलच्या अलीकडे इंजिन मोठा आवाज करून बंद पडलं होतं.

क्रेनवर लटकून गाडी आवारात आली तेव्हा लग्नाचे पाहुणे अजून पांगले नव्हते. पन्नासएक माणसं जमली. नवी नवरी रिक्षातून उतरली, रडवेली. कमलअक्का म्हणाल्या, “पहिल्याच दिवशी असं व्हावं? कुणाची नजर लागली म्हणायची!” सगळे शेठकडे बघायला लागले.

शेठनी एक क्षण गाडीकडे पाहिलं. मग मिस्त्रींकडे.

“मिस्त्री, टॅपेट टाइट ठेवलेत तुम्ही!”

“शेठ, मी...”

“वय झालंय तुमचं. हात कापतो, मी बघतोय वर्षभर. पण तुमचं मन दुखायला नको म्हणून गप्प बसलो. झालं ना वाटोळं!”

मिस्त्रींचा हात कापत नव्हता. त्या वेळी मात्र कापला, आणि तो सगळ्यांनी बघितला. कुणीतरी मोबाईलमध्येही घेतला.

त्यांनी पाने काढले आणि तिथेच, उन्हात, इंजिन उघडलं. पंधरा टॅपेट शाबूत होते. सोळाव्याचं चाक वाकडं होऊन कॅमशाफ्टला खरवडत गेलं होतं, आणि त्याच्या पोटात एकही सुई नव्हती. सुया खाली तेलाच्या चेंबरमध्ये पडल्या होत्या. मिस्त्रींनी चुंबकानं एकेक वेचली, फडक्यावर ठेवली आणि ते फडकं दोन्ही हातांत धरून शेठसमोर गेले.

“हे बघा शेठ. फट टाइट असती तर व्हॉल्व्ह जळला असता. व्हॉल्व्ह चांगला आहे. सुया तेलावाचून मेल्यात. काल अडीच तास स्लोवर...”

“मला यातलं काय कळतं?” शेठ म्हणाले. “गाडी तुमच्या हातात होती की नाही?”

गाडी त्यांच्याच हातात होती.

“नवीन कॅमशाफ्ट मागवा, एक टॅपेट मागवा. मी महिन्यात उभं करतो.”

“नको. आता पुण्याचे लोक दुसरं इंजिन बसवतील. त्यात ही महिन्या-महिन्याची कटकट नाही.”

मिस्त्रींनी सुया एका रिकाम्या काडेपेटीत भरल्या आणि खिशात ठेवल्या.

मोबाईलमधला तो हात धुळ्याला त्यांच्या आधी पोचला. आग्रा रोडवर वना ट्रकवाला, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, नजर चुकवत म्हणाला, “नाना, हेडचं काम औंदा दुसरीकडे टाकलं बरं का. पोरं म्हणतात, नानाला कशाला त्रास.” ट्रॅक्टरवाले यायचे थांबले. जे यायचे ते पंक्चरचा पत्ता विचारायला. नूर महंमद तेवढा रोज येऊन बसायचा, आणि शेठचं नाव काढून अशा शिव्या द्यायचा की शेजारचा चहावाला रेडिओ मोठा करायचा.

सुगंधाबाई सरळ अहिराणीत बोलायच्या, लपवाछपवी नाही. “बठ्ठं गाव हासी राहिनं, आनि तुम्ही तठे बोलनात नही काय? तोंड शिवेल व्हतं का तुमनं?”

“बोललो ना.”

“गाडीमा बोलनं व्हतं! आवाज कमी करा म्हने तवय!”

म्हातारी खरं बोलत होती. शेठचं खोटं एकीकडे, पण त्या फेट्याखाली बसून पाय कुणी काढला? रात्रंदिवस डोक्यात तेच.

दिवाळीनंतर मिसबाह मोबाईलवर एक फोटो दाखवायला आली. “काका, हे बघितलं का?” शेठच्या नव्या ऑफिसचा फोटो होता. सोफ्यासमोर टेबल. टेबलाला पाय नव्हते. खाली इंजिन होतं, चकचकीत मुलामा दिलेलं, आणि वर जाड काच. काचेवर फुलदाणी. फुलदाणीशेजारी, फोटो मोठा केला की वाचता येत होती, पितळी पट्टी.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्त्री पिशवी घेऊन निघाले. योगायोग असा की सोमवार होता.

“कसाले जातस तठे?” सुगंधाबाई दारात आडव्या झाल्या. “आजून थुकी घेवाले?”

“मन्हं नाव शे तठे,” मिस्त्री म्हणाले. घरात ते सहसा मराठी बोलायचे, पण हे आतून, अहिराणीत आलं.

शेठच्या ऑफिसात अकोल्याचे तीन व्यापारी बसले होते. शेठ मिस्त्रींना बघून जरा चपापले, पण मुरलेला माणूस, लगेच हसले. “या मिस्त्री, या! नेमके आलात.” ते व्यापाऱ्यांकडे वळले. “अहो, टेबलाचं विचारत होतात ना, हेच ते. यांनीच जोडलं आणि यांनीच मोडलं!”

व्यापारी हसले. शेठनी चहा सांगितला.

“शेठ,” मिस्त्री उभेच होते. “एक मागायला आलोय. पैसे नको, काम नको. या लोकांसमोर एकदा सांगा, आवाज कमी करा असं मिरवणुकीत कुणी म्हटलं होतं. एवढंच सांगा. मी जातो.”

एका व्यापाऱ्यानं शेठकडे बघितलं, दुसऱ्यानं मोबाईलकडे.

“अहो, सहा महिने झाले त्याला,” शेठ म्हणाले. “तुम्ही अजून तेच घेऊन बसलात? सोडा. बसा, चहा घ्या.”

चहा आला. कप काचेवर ठेवला गेला. मिस्त्रींनी खाली पाहिलं. टेबल करणाऱ्यानं आतलं दिसावं म्हणून झाकणं काढली होती, सगळे भाग धुऊन, चमकवून परत लावले होते, पण कसेतरी. फटी इतक्या ढिल्या की काही ठिकाणी बोट जाईल. दोन नट तर उलटे होते. आणि बरोबर मध्ये, वर, ‘जोडणी – लोटन मिस्त्री, धुळे.’

“काच उचला,” मिस्त्री म्हणाले.

“काय?”

“काच उचला म्हटलं.”

आवाजात काय होतं कुणास ठाऊक, दोघा व्यापाऱ्यांनी मुकाट्यानं आपले कप हातात घेतले, तिसऱ्यानं मिस्त्रींसोबत काच धरून सोफ्याला टेकवली. मिस्त्री गुडघ्यांवर बसले. पिशवीतून पाना निघाला, पत्ती निघाली.

“मिस्त्री, काय करताय?” शेठ अर्धे हसत, अर्धे चिडून म्हणाले. “ते काय चालणार आहे का आता?”

“नाही चालणार. पण वर नाव माझं आहे.”

त्यांनी पुढची पुली हातानं फिरवून बघितली. फिरत होती. मग एकेक व्हॉल्व्ह घेतला. पत्ती घालायची, नट पिळायचा, पत्ती ओढून बघायची. बोटाला किंचित रोखली की बरोबर. पुन्हा पुली, पुन्हा पत्ती. हात कुठेही कापला नाही. व्यापाऱ्यांचं डाळीच्या भावाचं बोलणं सुरू झालं होतं, ते हळूहळू थांबलं. शेठ दोनदा उठले, दोनदा बसले. अर्धा तास गेला असेल.

मिस्त्रींनी पाना फडक्यात गुंडाळला.

“झालं का?” शेठनी विचारलं.

“पंधरा झाले.”

“एक राहिला की,” काच धरणारा व्यापारी म्हणाला. तो मन लावून मोजत होता. “तो शेवटचा.”

मिस्त्रींनी त्या शेवटच्याकडे पाहिलं. त्याच्या वाकड्या चाकालाही मुलामा दिला होता. छान चमकत होतं.

“तो माझा नाही,” ते म्हणाले. “तो शेठचा आहे. तो तसाच राहू द्या.”

त्यांनी बोटांचे ठसे पुसले, काच परत नीट बसवली, चारी बाजू सारख्या आहेत का वाकून बघितलं. मग खिशातून काडेपेटी काढली आणि त्या सोळाव्याच्या बरोबर वर, काचेवर ठेवली. चहाला मिस्त्रींनी हात लावला नाही.

दारातून बाहेर पडताना मागे तो व्यापारी म्हणाला, “शेठ, यात काय आहे?” आणि काचेवर काहीतरी बारीक सांडल्याचा आवाज आला. “सुया? कसल्या सुया हो या?”

शेठचं उत्तर ऐकू येईल म्हणून मिस्त्री जिन्यात थोडा वेळ थांबले. वरून काही आवाज आला नाही. मग ते कठड्याला धरत खाली उतरले आणि धुळ्याच्या गाडीला अजून वेळ होता तरी स्टँडच्या दिशेनं चालायला लागले.